मंदीच्या काळात स्थिर चित्त आणि सज्ज हात

(व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय भाकरीचा आहे. धंदा मंदावतो, कारखान्याची एक पाळी बंद होते, कंत्राटदार "पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणू लागतो, कचेरीत कोणाकोणाची नावे यादीत आहेत याची कुजबूज सुरू होते. अशा वेळी आपल्या घरातील कर्त्या माणसाने आणि घरातील इतरांनी काय करावे, याचा विचार आपणांस करावयाचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे जमीनजुमला नाही, वाडवडिलांची पेढी नाही, संकटात हाक मारावी असा सधन नातलग नाही. ज्यांच्या मागे हे सर्व आहे त्यांचे वर्ष मंदीत वाया जाते. ज्यांच्या मागे ते नाही त्यांची एक पिढी वाया जाऊ शकते. म्हणून हा विषय आपल्यासाठी केवळ अर्थशास्त्राचा नाही.

प्रथम मंदी म्हणजे काय, ते समजून घेऊ. लोकांची खरेदी कमी झाली म्हणजे माल पडून राहतो. माल पडून राहिला म्हणजे मालक उत्पादन घटवितो. उत्पादन घटले म्हणजे माणसे कमी होतात. कमी झालेल्या माणसांच्या घरातील खरेदी थांबते, आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाचा माल पडून राहतो. अशी ही साखळी असते. कधी तिचा आरंभ परदेशात होतो. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि थोड्याच महिन्यांत सुरतेच्या हिरे कारखान्यांतील कारागिरांवर घरी बसण्याची पाळी आली. कधी तो रोगराईतून होतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हातावर पोट असलेली माणसे मुलेबाळे घेऊन पायी गावाकडे निघाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, नोकरी गेलेला मनुष्य पहिला दोष स्वतःला देतो आणि दुसरा दोष नशिबाला. सुरतेच्या कारागिराचा हात २००८ साली अचानक वाईट झाला नव्हता. त्याच्या पत्रिकेत काही बिघडलेही नव्हते. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण कळले म्हणजे उपायाची दिशा कळते, ही दृष्टी आपण स्वीकारली आहे. तेव्हा काम सुटल्यावर ज्योतिषाकडे जाऊन शांतीसाठी दोन हजार रुपये देणे म्हणजे त्या महिन्याचे धान्य दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकणे होय. लाभ आणि अलाभ, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख, हे आठ लोकधर्म कोणालाही चुकत नाहीत, असे भगवान बुद्धांनी सांगितले आहे. अलाभाचा काळ येतो तसा तो जातोही. तो जाईपर्यंत आपण काय करतो, एवढाच प्रश्न आपल्या हातचा असतो.

आता आपल्याच इतिहासातील एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ लाखो माणसांना काम दिले. कोकणातून, घाटावरून, खेड्यातील वतनदारी कामाच्या जाचातून सुटून आलेल्या आपल्या अनेक वाडवडिलांच्या हाती पहिला रोख पगार पडला तो याच गिरण्यांत. परंतु गिरणीतही सर्व खाती सर्वांना खुली नव्हती. विणकर खात्यात मजुरी अधिक असे. तेथे धोट्यातील कांडी संपली म्हणजे नवीन कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण तोंडाला कसा लावावा, या सबबीवर आपल्या लोकांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. कमी मजुरीच्या खात्यांतच त्यांना राहावे लागे. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणकर खाते खुले करण्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. ही मागणी केवळ मानाची नव्हती. ज्याला वरचे कौशल्य शिकू दिले जात नाही, त्याला चांगल्या काळात कमी मिळते आणि वाईट काळात प्रथम घरी जावे लागते. तो मागणीमागचा अर्थ आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्या पगाराच्या, बोनसच्या आणि आपली संघटना आपण निवडण्याच्या होत्या. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे कापडाचे काम आधीपासूनच जात होते. यंत्रे जुनी झाली होती आणि गिरण्यांच्या जमिनीचे मोल कापडाहून अधिक वाढत होते. लाखाहून अधिक माणसांचे काम कायमचे गेले. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांची व्यवस्था आपल्याकडे घेतली, तरी जुने दिवस परत आले नाहीत. आज फिनिक्स मिलच्या आवारात मोठमोठी दुकाने आहेत.

या संपाचे राजकारण आज आपला विषय नाही. त्यातून घराघराला जो धडा मिळाला, तो पाहावयाचा आहे. ज्याचे कौशल्य केवळ एका प्रकारच्या साच्याशी बांधलेले होते, त्याचा साचा भंगारात गेल्यावर ते कौशल्यही निरुपयोगी झाले. ज्याच्या हाती फिटरचे, वायरमनचे किंवा बॉयलर चालविण्याचे काम आणि त्याचा दाखला होता, त्याला दुसऱ्या कारखान्याचे दार ठोठावता येत होते. बदली कामगाराची गोष्ट आणखी कठीण होती. तो रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. काम मिळाले तर दिवस, नाही तर रिकाम्या हाताने घर. आजचा कंत्राटी कामगार, माणसे पुरविणाऱ्या एजन्सीचा रखवालदार, मोबाईलवर मागणी आली म्हणजे माल पोचविणारा तरुण, हे सर्व त्या बदली कामगाराचेच वारस आहेत. नावे बदलली आहेत. अनिश्चितता तीच आहे.

मग यावर उपाय कोणता? कोलीय कुळातील दीघजाणु नावाच्या गृहस्थाने तथागतांना विचारले की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे. याच जन्मात आमचे हित कशाने होईल ते सांगा. त्याला चार गोष्टी सांगितल्या गेल्या. उद्योगात कुशल आणि तत्पर असणे, कष्टाने मिळविलेल्याचे रक्षण करणे, चांगल्या माणसांची संगत धरणे आणि मिळकतीच्या मानाने समतोल खर्च करणे. हा उपदेश संसारी माणसाला केलेला आहे. मंदीच्या काळात तो कसा उपयोगी पडतो, ते एकेक पाहू.

पहिली गोष्ट उद्योगातील कुशलतेची. आज आपले काम चालू असेल तर आजच स्वतःला विचारा: हे काम उद्या बंद झाले तर याच शहरात दुसरा कोण मला कामावर घेईल आणि कशासाठी? उत्तर सापडत नसेल तर शिकण्यास आरंभ करण्याची वेळ आली आहे. शेजारच्या यंत्राचे काम शिका. हिशेबाची वही लिहिणारा असाल तर संगणकावरील हिशेब शिका. वाहन चालविता येत असेल तर जड वाहनाचा परवाना काढा. हात चांगला असूनही कागद नसेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची माहिती काढा. घरातील तरुणासाठी शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात प्रशिक्षणाची जागा मिळते काय, याची चौकशी करा. शिक्षण अर्धवट राहिले असेल त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी पुण्याच्या बार्टी या संस्थेच्या प्रशिक्षण वर्गांची जाहिरात पाहत राहावी. मात्र एक सावधगिरी हवी. मंदीत सर्वच सरकारी परीक्षेकडे धावतात. जागा थोड्या आणि उमेदवार अगणित होतात. परीक्षेची तयारी करावी, पण तिच्या भरवशावर पाच-सहा वर्षे दुसरे काहीच न शिकता बसू नये.

या बाबतीत बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक काळ तरुणांनी मनात ठेवावा. १९१७ साली त्यांची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत राहावयास जागा मिळेना, म्हणून तीही सोडावी लागली. घरचा भार डोक्यावर होता. त्यांनी मुंबईत शिकवण्या केल्या. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाल्यावर पगारातून काटकसरीने पैसा साठविला. मात्र लंडन सोडताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. त्या तीन वर्षांत दार बंद झाले असे त्यांनी मानले नाही, आणि परत जाण्याची वाट त्यांनी कागदोपत्रीसुद्धा उघडी ठेवली. शिक्षणात किंवा कामात खंड पडला म्हणून सर्व संपले असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट रक्षणाची. यात पैसा येतो, तसे कागद आणि हक्कही येतात. पैशाविषयी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश असा की, मिळकतीचे चार भाग करावे. एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. आजच्या पगारात चौथा हिस्सा शिल्लक टाकणे अनेकांना शक्य नाही, हे खरे. परंतु हिशेब करून पाहा. घरखर्च महिना अठरा हजार रुपये असेल, तर तीन महिन्यांची शिदोरी चोपन्न हजार होते. दर महिन्याला दीड हजार बाजूला टाकले तर ती तीन वर्षांत जमते. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक लिहून ठेवा, वारसाचे नाव नोंदविले आहे काय ते पाहा, आणि पहिल्याच अडचणीला तो निधी रिकामा करू नका.

कागदांविषयी आपल्या घरांना विशेष काळजी घेतली पाहिजे. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्र सरकारकडे मिळाव्यात यासाठी फार वर्षे झगडावे लागले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा तो हक्क पदरात पडला. एवढ्या कष्टाने मिळालेला हक्क दाखल्यातील नावाच्या चुकीमुळे किंवा वैधता प्रमाणपत्र वेळेवर न काढल्यामुळे हातचा जाऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रे, पगाराच्या पावत्या, हे सर्व एका जाड पाकिटात ठेवा. बांधकामावर जाणाऱ्या बंधुभगिनींनी बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात आपली नोंदणी जिवंत ठेवावी. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या कामगाराला ती करता येते. २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने राज्यांना या मंडळांच्या निधीतून मदत देण्यास सांगितले, ती नोंदणी झालेल्या कामगारांच्या खात्यावर द्यावयाची होती. राबणारे सर्व होते, नोंद मात्र सर्वांची नव्हती.

हक्कांविषयी थोडक्यात सांगतो. कामगार कपातीचे नियम पूर्वी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या आणि एक वर्ष सलग नोकरी झालेल्या माणसाला कपात करावयाची तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो. पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. सामान्यतः शेवटी आलेला प्रथम जातो, आणि एका वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना संधी द्यावी लागते. शिवाय नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम कामगाराच्या खात्यावर जमा करण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क वेगळा; तो सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मी आग्रहाने सांगतो. मालकाने कमी केले तर भरपाई आहे. आपण होऊन राजीनामा दिला तर कपातीची भरपाई नाही. म्हणूनच मंदीच्या काळात पुष्कळदा माणसाला एका खोलीत बोलावतात, गोड बोलतात किंवा धाक घालतात, आणि तयार राजीनाम्यावर सही मागतात. त्या क्षणी चित्त स्थिर ठेवणे यालाच खरे मोल आहे. "कागद घरी नेऊन वाचतो आणि उद्या उत्तर देतो," एवढे शांतपणे म्हणा. आवाज चढवू नका, भांडू नका, सहीही करू नका. त्या दिवशी संध्याकाळी संघटनेच्या माणसाला, वकिलाला किंवा कामगार खात्याच्या कचेरीत विचारा. एका सहीने पंधरा वर्षांची भरपाई जाऊ शकते.

तिसरी गोष्ट कल्याणमित्रांची. काम सुटलेला मनुष्य लाजेने घरात बसतो, विहारात येत नाही, जुन्या सोबत्यांना टाळतो. हे अगदी उलट आहे. कोठे जागा निघाली, कोणाला कसा माणूस हवा, ही बातमी माणसांकडूनच मिळते. आपल्या वस्तीतील ज्यांना काम आहे त्यांनी अशी बातमी स्वतःजवळ ठेवू नये. विहाराच्या फलकावर लावावी. गिरणगावातील खानावळवाल्या बायांचे उदाहरण पाहा. त्या गिरणी कामगारांना उधारीवर जेवण घालीत आणि वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज भरता भरता थकून जात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र केले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. एकेकटीला दारात उभी न करणारी बँक गटाला कर्ज देऊ लागली. आपल्या वस्तीतील बचत गटांनी हाच मार्ग धरला पाहिजे.

चौथी गोष्ट समतोल खर्चाची. तराजू धरणारा जसा कोणते पारडे किती खाली गेले ते जाणतो, तसे गृहस्थाने आपली मिळकत आणि खर्च जाणावे, असे दीघजाणूला सांगितले गेले. संपत्ती वाहून जाण्याच्या वाटाही त्याला सांगितल्या. व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट संगत. काम सुटलेल्या माणसाभोवती दारू आणि जुगार लवकर गोळा होतात, हे घरातील स्त्रिया मला सांगण्याची वाट पाहणार नाहीत. आता तर जुगार खिशातल्या मोबाईलवर आला आहे. तसेच कर्जाचे. महिना शेकडा दहाने वीस हजार रुपये घेतले तर दरमहा दोन हजार व्याज होते. वर्षात चोवीस हजार गेले आणि मूळ मुद्दल जागच्या जागी राहिले. महाराष्ट्रात सावकारीसाठी परवाना लागतो आणि विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. क्षणात कर्ज देतो म्हणणाऱ्या मोबाईलवरील अनोळखी सावकारापासूनही दूर राहा. लग्न काढले असेल तर ते साध्या पद्धतीने विहारात करा. आपल्या धम्मविधीला मंडप, वाजंत्री आणि कर्ज यांपैकी कशाचीही गरज नाही.

शेवटी घरातील मुलांविषयी. तंगी आली म्हणजे पहिली कात्री कोठे लागते, ते आपण पाहिले आहे. मुलीची शाळा सुटते. धाकट्याला कुठेतरी कामाला लावतात. महिन्याला हजार-दोन हजार वाचतात आणि पुढील चाळीस वर्षांची मिळकत कमी होते. पुन्हा तेच कमी मजुरीचे खाते, पुन्हा तेच विणकर खात्याचे बंद दार; फरक एवढाच की या वेळी ते दार आपण स्वतः बंद केलेले असते. खर्च कमी करावयाचा तर सणाचा करा, कपड्यांचा करा, माझ्या-तुमच्या चहाचा करा. वहीचा आणि फीचा खर्च सर्वांच्या शेवटी कमी करा. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा. आणि मुलांपासून परिस्थिती लपवू नका; बाबांचे काम सुटले आहे, आपण मिळून दिवस काढू, असे साध्या शब्दांत सांगा. खरे सांगितलेली मुले घाबरत नाहीत, ती समजूतदार होतात.

काम सुटलेल्या बंधूंना एवढेच सांगतो की, दिवसाचा क्रम मोडू नका. पूर्वी ज्या वेळी उठत होता त्याच वेळी उठा. सकाळी काही वेळ श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसा. नंतर दोन तास शिकण्यास द्या आणि दोन तास काम शोधण्यास द्या; अर्ज कोठे केले ते वहीत लिहा. मिळेल ते प्रामाणिक काम हलके मानू नका, परंतु त्या कामातच कायमचे अडकूही नका. घरातील स्त्री कमावती असेल तर तिच्या कमाईचा मान राखा आणि घरकामाला हात लावा.

या पंधरवड्यात प्रत्येक घराने चार कामे करावीत. कागदांचे पाकीट तयार करावे. महिन्याचा जमाखर्च एका पानावर लिहावा. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने शिकावयाची एक नवी गोष्ट ठरवावी. आणि वस्तीत ज्याचे काम सुटले आहे अशा एका तरी घरी जाऊन बसावे, त्याची विचारपूस करावी. आपण एकमेकांना धरून राहिलो, तर मंदी ओसरेल तेव्हा आपली मुले शाळेत असतील, आपली घरे कर्जमुक्त असतील आणि आपले हात कामाला तयार असतील.

जय भीम.